लाइव्ह फिजिक्स आणि आम्ही तिघी

तुरीच्या शेंगा सोलायला बसलं की थोड्याच वेळात दाण्यांपेक्षा टरफलांचा ढीग मोठा दिसायला लागतो. आमचं बारावीचं फिजिक्स तसंच झालं. दाणे मूठभर, किस्से ढीगभर! आताही कुठं लग्नात, बसस्टँडवर जुनी वर्गमैत्रीण भेटली की ती म्हणतेच, "तुले आठवते का वं, आपला तो लाइव्ह क्लास?" मग आम्ही हसत सुटतो. त्यात हसण्यासारखं फारसं काही नव्हतं, हे हसून झाल्यावर ध्यानात येतं.

झालं असं की अनसिंगच्या आमच्या कॉलेजातले फिजिक्सचे सर बदलून गेले आणि जागा रिकामीच राहिली. "येतील, येतील" करता करता दिवाळी तोंडावर आली. मग कॉलेजनं तोड काढली. पुण्याहून एक सर रोज सकाळी मोबाईलवर लाइव्ह शिकवणार! मी, वैशाली आणि संगीता एकाच गावच्या. अनसिंगपासून आडवाटेला आमचं गाव. तिघींच्या घरी मोबाईल होते. फक्त रेंज नव्हती.

*

पहिल्या दिवशी मी ओसरीत बसले. मोबाईल डब्याला टेकवून ठेवला. सरांचा चेहरा दिसला, मला धन्य वाटलं. माझे आजोबा, आबा, बाजेवर बसले होते, ते लगबगीनं उठले, टोपी सारखी केली आणि हात जोडून म्हणाले, "जय भीम, सर!"

तेवढ्यात आईनं मला पाणी भरायला हाक मारली. नळ आमच्याकडं कधीतरीच येतो, तो सोडून फिजिक्स कसं शिकणार? मी म्हटलं, "आबा, जरा बसा मोबाईलपाशी. मी आलीच."

पाणी भरून आले तर तास संपत आला होता. आबा मोबाईलसमोर मांडी घालून, हात जोडून, ताठ बसलेले. लहान भावाला त्यांनी सरांकडं पाय करून बसू दिलं नव्हतं.

मी विचारलं, "आबा, काय शिकवलं सरांनी?"

आबा हळूच म्हणाले, "बाई, तुहे मास्तर लय शांत मानूस हायेत. इतक्या वेळात एक शब्द बोलले नाई, का पापनी हालवली नाई!"

नेट पहिल्याच मिनिटाला अडकलं होतं. आबा तासभर सरांच्या फोटोसमोर बसले होते.

*

मग आम्ही गावभर मोबाईल वर धरून रेंज शोधत फिरलो. शाळेत नाही. पाण्याच्या टाकीखाली नाही. मिळाली कुठं? स्मशानभूमीच्या शेडमध्ये! तिथं फुल्ल!

वैशालीची आई भडकली. "पोरीच्या जातीनं मसनात जाऊन बसाचं?"

वैशाली म्हणाली, "मंग काय करू? जित्या मानसांत रेंजच नाई!"

शेवटी आम्ही तिघी रोज सकाळी पोतं अंथरून शेडच्या कडेला बसायला लागलो. एका मोबाईलवर क्लास, बाकी दोघी शेजारून डोकावायच्या. एक दिवस उष्णतेचा धडा चालू होता आणि समोरून मयत आली. गावातलेच एक म्हातारे बाबा रात्री वारले होते. आम्ही उठून कडेला उभ्या राहिलो, पण क्लास बंद करायचा धीर होईना. त्या दिवशी सर महत्त्वाचं सांगणार होते.

सर मध्येच थांबले. "हा मागे रडण्याचा आवाज कोणाकडून येतोय?"

संगीता म्हणाली, "सर, मयत आली हाये."

सर म्हणाले, "अरेरे. पण बाकीच्या विद्यार्थ्यांना त्रास होतो. तुम्ही जरा म्यूट करा."

आम्ही म्यूट केलं. रडणाऱ्यांना कोण करणार?

*

रेंज स्मशानात होती, पण तिचाही भरवसा नव्हता. आभाळ आलं की जायची. आणि जायची ती नेमकी सर "म्हणून शेवटी आपल्याला काय मिळालं?" असं म्हणाले की! आम्हाला शेवटी काय मिळतं हे शेवटपर्यंत कळलं नाही.

कॉलेजात चाचणी झाली. वैशालीनं एक डेरिव्हेशन सुंदर अक्षरात निम्मं लिहिलं आणि खाली रेघ मारून मोकळी झाली. पेपर तपासायला केमिस्ट्रीच्या मॅडम होत्या. त्यांनी बोलावून विचारलं, "अगं, इथपर्यंत सगळं बरोबर आहे. पुढं का नाही लिहिलं?"

वैशाली म्हणाली, "मॅडम, सर बी तेवढ्यावरच थांबले होते."

*

चुंबकाच्या धड्यात डाव्या हाताचा नियम आला. सरांनी डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं तीन दिशांना ताणून कॅमेऱ्यासमोर धरली. आम्हीही धरली. पण त्या दिवशी सरांच्या मोबाईलला काय झालं होतं कोण जाणे, मागच्या फळ्यावरची अक्षरं उलटी दिसत होती. म्हणजे हातही उलटाच!

वैशालीनं माईक सुरू केला. "सर, तुमचा डावा का आमचा डावा?"

सर वैतागून म्हणाले, "ज्याचा त्याचा डावा!"

आम्ही स्मशानात एकमेकींसमोर बोटं ताणून किती वेळ बसलो होतो. शेळ्या घेऊन चाललेली एक म्हातारी दुरूनच म्हणाली, "पोट्ट्यायहो, मुकाट घरी जा. आधीच जागा चांगली नाई."

*

माझाही एक किस्सा आहे. सगळ्या क्लासात मी एकच शंका विचारली. आमच्या क्लासला कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतली पोरं होती, त्यामुळं सर आम्हाला नावानं ओळखत नसत. मला ते जिल्ह्यावरून 'वाशीम' म्हणायचे.

"हं, वाशीम, बोला."

मी म्हटलं, "सर, आत्ताचं समजलं नाही."

पुढं सर काहीतरी बोलले आणि रेंज गेली. परत आली तेव्हा पुढचा धडा सुरू झालेला. पण रेकॉर्डिंग असतं ना! फक्त ते उघडायला आमच्या गावातली रेंज पुरत नव्हती. मी चार दिवस घरात भुणभुण केली. "मले वाशीमले जाऊ द्या, मावशीकडं नेट हाये." शेवटी बाबांनी मजुरीचा दिवस मोडला आणि मला एसटीनं घेऊन गेले. मावशीनं चहा ठेवला. बाबा शेजारी बसले, पोरगी काय शिकते ते पाहायला. मी रेकॉर्डिंग त्या जागेवर आणलं.

माझाच आवाज आला. "सर, आत्ताचं समजलं नाही."

मग सरांचा आवाज. "काही हरकत नाही, वाशीम. रेकॉर्डिंग बघा."

बाबांनी विचारलं, "झालं का समाधान?"

मी म्हटलं, "हो." काय सांगणार?

*

प्रॅक्टिकल तर घरीच करायचं होतं. दोलकाचा प्रयोग. सर म्हणाले, "दोऱ्याला वजन बांधा, लटकवा, झोके मोजा. सोपं आहे!"

वैशालीच्या घराचं छप्पर ठेंगणं. म्हणून तिच्या दारासमोरच्या निंबाच्या फांदीला आम्ही गोल दगड बांधला. घरात सापडला तो दोरा नेमका लाल! संगीता मोठ्यानं झोके मोजत होती, मी मोबाईलवर वेळ बघत होते, वैशाली लिहून घेत होती. वावरातून येणाऱ्या बाया थांबल्या, बघितलं आणि पुढं गेल्या.

दुसऱ्या दिवशी उरलेले झोके मोजायला गेलो, तर दगडाला हळदकुंकू! खाली उदबत्ती, नारळाची अर्धी वाटी!

क्लासमध्ये सरांनी विचारलं, "सगळ्यांचं प्रॅक्टिकल पूर्ण?"

वैशाली म्हणाली, "नाई सर. आमच्या दोलकाले आता हात लावता येत नाई."

बोर्डाच्या फिजिक्सच्या पेपरच्या दिवशी वैशालीच्या आईनं त्याच दगडापुढं नारळ फोडला. वैशाली त्याच विषयात नापास झाली. मी काठावर निघाले. नर्सिंगला जायचं होतं, त्याला ते मार्क पुरले नाहीत. आता वाशीमला बीए करते. वैशालीनं पुन्हा फॉर्म भरलाच नाही. ती म्हणते, "देवानं बी हात टेकले, मी काय करू?"

*

आणि संगीता.

आमच्या तिघींत फिजिक्स खरं कळायचं ते तिला. रेंज गेली की पुढचं ती बोटानं मातीत मांडून पाहायची आणि पुष्कळदा बरोबर निघायचं. जानेवारीत तिचं लग्न झालं. अठरा पुरे झाले होते, स्थळ चांगलं होतं, लोक धनजचे, घरची शेती. 'पोरगी परीक्षा सासरहून देईल' असं बैठकीत ठरलं. असं सगळ्याच बैठकांत ठरतं.

लग्नानंतर ती क्लासला दिसेना. फोन केला तर उचलायची नाही. मग एक दिवस वैशालीनं मला कोपरानं ढोसलं. मोबाईलवर क्लासच्या यादीत संगीताचं नाव आलेलं! कॅमेरा बंद, पण नाव होतं.

सर त्या दिवशी सीईटीसाठी अकरावीची उजळणी घेत होते. त्यांनी विचारलं, "उपग्रहालाही पृथ्वी ओढतेच ना? मग तो खाली पडत का नाही?"

चॅटमध्ये कुणीतरी लिहिलं, 'वरती गुरुत्वाकर्षण नसतं.' सर म्हणाले, "चूक."

मग संगीताचा माईक सुरू झाला. आधी भाकरी थापल्याचा आवाज आला. तो थांबला. मग ती दबक्या आवाजात बोलली.

"पडते, सर. तो सारखा पडूनच राह्यला. पन तो जेवढा पडते, तेवढी खालची जमीन बी वाकत जाते. म्हनून तो कुठंच टेकत नाई."

सर गप्प झाले. पहिल्यांदाच रेंज असताना गप्प झाले!

"वा! किती सुंदर सांगितलंत. कोण बोललं हे? नाव सांगा तुमचं. कुठून बोलताय?"

तिकडून, जरा लांबून, तिच्या सासूचा आवाज आला. "काहून वं, कोनासंग बोलून राह्यली?"

आणि आमची संगीता म्हणाली, "कोनी नाई, आत्याबाई. राँग नंबर हाये."