भिंतीवरून उतरवलेला गरुड

आमच्या छायाचित्रकार मंडळाने माझे छायाचित्र प्रदर्शनातून काढायला लावले, असे रत्नागिरीत आजही सांगितले जाते. ते खोटे आहे. छायाचित्र मी उतरवले, माझ्या हातांनी, आणि तसे मला कोणीही सांगितलेले नव्हते. मी भांडखोर आहे हे मान्य. म्हणून माझ्याविषयी कोणी काहीही रचावे, हे मान्य नाही.

घुबडे आणि शिकारी पक्षी यांच्यामागे मी उभे आयुष्य घातले. ओसाड चिरेखाणीत शृंगी घुबडाच्या एका जोडीसाठी संध्याकाळमागून संध्याकाळ बसलो. पण खुंट्याला जिवंत उंदीर बांधला नाही, की मोबाइलवर घुबडाचा घुत्कार वाजवून त्याला फसवले नाही. आमिषावर आलेला पक्षी हा बोलावून आणलेला पाहुणा. त्याच्या छायाचित्राला रानातले छायाचित्र म्हणू नये. मंडळातल्या नव्या मुलांना हे मी इतक्यांदा ऐकवले होते, की ती माझ्या चुकीची वाटच पाहत असावीत.

गेल्या हिवाळ्यात मिरकरवाडा बंदराच्या बंधाऱ्यावर मी समुद्री गरुडासाठी रोज जाऊन बसत असे. गुडघे साथ देत नव्हते; गरुडही देत नव्हता. अखेर एका सकाळी तो खाली झेपावला आणि बंदरात शिरणाऱ्या एका ट्रॉलरच्या मागून वळवळता समुद्रसाप नखांत धरून माझ्यासमोरून वर गेला. असे छायाचित्र या वयात पुन्हा मिळणार नाही, हे बटण दाबतानाच कळले.

प्रदर्शनात त्या छायाचित्रापुढे उभे राहून मंडळाच्या चिटणिसाने सर्वांना ऐकू जाईल असे विचारले, "काका, खरं सांगा, काय टाकलं होतंत? बांगडा?"

"बांगडा तुम्ही खाता," मी म्हणालो. "त्याच्या पायांत साप आहे, डोळे असतील तर पाहा."

"मग साप टाकला असेल!"

लोक हसले. इतक्या वर्षांची सचोटी त्या हसण्यात जायला निघाली होती. दुसऱ्या दिवशी मी साक्षीदारच घेऊन गेलो. ती ट्रॉलर चालवणारा तांडेल इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

"सांग यांना. मी पाण्यात काही टाकलं का?"

"काका? छ्या! काकांनी कायव टाकला नाय."

मी चिटणिसाकडे पाहिले. तांडेल खुशीत पुढे म्हणाला, "टाकला तो मी. जाळ्यात साप गावला की आमी मारत नाय, तिथंच दर्यात सोडतो. पन काका रोज वाट बगत बसलेले, जीवाला बरा वाटला नाय. म्हनून त्याला टोपात ठेवला नि हिकडं बंदरात येऊन गरुडाच्या नजरंत सोडला."

हशा पिकला, ही गोष्ट नंतर जोडलेली आहे. कोणीही हसले नाही. उलट चिटणीस हलक्या आवाजात म्हणाला, "राहू दे, काका. तुम्हाला कुठं माहीत होतं?" ते खरे होते, आणि तसे म्हणणे हा त्याचा मोठेपणा होता, एवढे श्रेय मी त्याला देतो. पण नियम माझा होता. मी खुर्ची ओढली, वर चढलो आणि चौकट उतरवली.

तांडेलावर मी ओरडलो, असेही सांगतात. तेही खोटे. आम्ही बाहेर आलो तेव्हा चौकट त्याच्याच हातांत होती. माझ्याने ती उचलवत नव्हती.

"काका, फोटो वायट हाय काय?"

"नाही. चांगला आहे."

"मंग उतरवलाव कशाला?"

त्याला सगळे समजावून सांगता आले असते. वाद घालायला मी कधी कंटाळलो नव्हतो. त्या दिवशी कंटाळलो. "तिथं उजेड नीट पडत नव्हता," मी म्हणालो. "तुला बोटीत लावायचा असेल तर घेऊन जा."

त्याने चौकट छातीशी धरली. खिळा ठोकू की दोरीने बांधू, असे विचारू लागला. बोट हलते, मी म्हणालो, दोरीने बांध.