तिथीची पाऊणपट

बहरीनच्या रिफा शहरात मुनीरा मॅडमच्या बंगल्यावर तुकाराम कोयंडे ड्रायव्हर म्हणून लागला त्याला एकवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तो समुद्रात घोट्याएवढाही उतरला नसेल, पण समुद्राबद्दल बोलायचा काही थांबला नाही. सलमाबादच्या गॅरेजात गाडी सर्व्हिसिंगला टाकली की मुख्तार मेकॅनिक चहा मागवायचा आणि मुद्दाम विचारायचा, "तुकाराम भाई, आज दरिया क्या बोलता है?" मग तुकाराम मान वर करायचा, बोटं मोडत हिशेब करायचा आणि भरतीची वेळ सांगायचा. ती खरी की खोटी हे बघायला गॅरेजातून कोण जातंय किनाऱ्यावर!

हिशेब मात्र त्याच्या बापाचा होता आणि चोख होता. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीला भांग. म्हणजे पाणी मरगळलेलं, ना धड चढत ना धड उतरत. देवगडकडच्या वेळणे गावात पोर चालायला लागलं की हे त्याच्या कानावर पडायचं. तुकाराम तेराव्या वर्षी चुलत्याच्या होडीवर गेला तो याच हिशेबावर. पुढे मोठ्या मोठ्या बोटी आल्या, समुद्र तळापासून खरवडून नेऊ लागल्या, आणि वेळण्याच्या होड्या रिकाम्या परतू लागल्या. कोण गोव्याला गेला, कोण मुंबईला. तुकारामाने लायसन काढलं आणि बहरीन गाठलं. गावातून येताना त्याने आणलं काय, तर ही पाऊणपट. दरवर्षी रखमा, त्याची बायको, कोणा ना कोणाबरोबर मराठी कॅलेंडर पाठवायची, आणि बंगल्याच्या गॅरेजशेजारच्या आपल्या खोलीत ते तो देवाच्या वर टांगायचा.

त्याच बंगल्यात स्वयंपाक आणि घरकाम करायला वार्सिनी होती. इंडोनेशियाची, जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका गावची. गावाचं नाव तांबाकसारी. तुकारामाने ते नाव यापूर्वी ऐकलं नव्हतं, आणि जगात फारसं कोणी ऐकलं असेल असंही नाही. अकरा वर्षं ती परदेशातच होती. चार वर्षं दुसऱ्या देशात, सात इथे. दोघांचं बोलणं तोडक्यामोडक्या हिंदीत, त्यात अरबी शब्द पेरलेले, 'नाही'ला 'मफी' असे.

एकदा तिने त्याला मोबाइलवर घराचा फोटो दाखवला. घराची खिडकी जमिनीपासून गुडघाभर उंचीवर होती.

"खिडकी इतना नीचे काहे को?" तुकारामाने विचारलं.

"खिडकी नीचे मफी, अंकल. जमीन ऊपर. तीन बार मिट्टी डाला," वार्सिनी म्हणाली. दारातून आत शिरताना आता वाकावं लागतं, हेही तिने हसत सांगितलं. ती लहान असताना समुद्र गावापासून लांब होता. मध्ये भातशेती होती. मग शेतात खारं पाणी आलं, शेतांची कोळंबीची तळी झाली, मग तळीही समुद्राने गिळली. जमीन खचत चालली होती आणि पाणी वर येत चाललं होतं. जवान पोरं शहरातल्या कारखान्यात गेली, बाया परदेशी कामाला. मागे उरले म्हातारे, आणि वार्सिनीचा भाऊ, कारण आई अंथरुणाला खिळलेली. आईचं औषध, घरातली मातीची भर, सगळं वार्सिनीच्या पगारातून. त्यामुळे घरात शब्द तिचा चालायचा.

तुकारामाला त्या दिवशी भरून आलं. हे आपलंच गाव, फक्त भाषा वेगळी, असं त्याला वाटलं. आणि इथेच माणूस घसरला. गाव आपल्यासारखं म्हणजे समुद्रही आपल्यासारखा, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं.

डिसेंबरात त्याने तिला बजावलं, "परसों पूनम है. पानी बहोत चढेगा. भाई को बोल, सामान ऊपर रखने को." पुनवेला खरंच घरात मांडीभर पाणी आलं, आणि सामान वाचलं. वार्सिनीने त्या रात्री त्याच्यासाठी वेगळे केळ्याचे वडे तळले. तुकारामाची छाती वीतभर फुगली. एकवीस वर्षांत त्याच्या विद्येचा पहिल्यांदाच कुणाला तरी उपयोग झाला होता.

मग मार्च उजाडला. होळी होऊन दोन दिवस झाले होते, रमजान निम्म्यावर आला होता. दुपारी तुकाराम गाडी पुसत असताना वार्सिनी मागच्या दाराने धावत आली. आईला धाप लागली होती. इस्पितळात न्यायला हवं होतं. गावचा रस्ता पाण्याखाली, पण शेजाऱ्याची होडी उभी होती आणि भाऊ म्हणत होता की आत्ताच निघतो.

"होडी में?" तुकाराम हातातलं फडकं टाकून उभा राहिला. "अभी उधाण है! बीमार औरत को उधाण में होडी में डालेगा?" त्याने खोलीत जाऊन कॅलेंडर पाहिलं. द्वितीया. "शनिवार तक रुक. अष्टमी है. छे बजे भरती, बारा बजे पूरा सूखा. रास्ता खुल जाएगा. गाडी सीधा दरवाजे पे लेने का."

वार्सिनीने तिथेच भावाला फोन लावला. पलीकडून भाऊ बराच वेळ काहीतरी सांगत होता. ती त्याला मध्येच तोडत होती. तुकारामाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, आणि भाऊ काय म्हणतोय हे विचारावं असंही त्याच्या मनात आलं नाही. शेवटी भाऊ शनिवारपर्यंत थांबायला तयार झाला. तिची समजूत पटली होती, त्याची पटली होती की नाही, देव जाणे. पैसे पाठवणाऱ्या बहिणीपुढे तो किती बोलणार.

संध्याकाळी तुकारामाने रखमाला फोनवर मोठ्या कौतुकाने हे सांगितलं. रखमा म्हणाली, "तुमका थंयच्या दर्याचा काय म्हायत आसा? कित्याक मदी पडलात?"

"दर्यो तो दर्यो," तुकाराम म्हणाला, आणि रागाने फोन ठेवला.

पुढचे पाच दिवस तो रोज विचारायचा आणि वार्सिनी सांगायची, धाप आहे, पण आई पेज घेते आहे. शनिवारी मॅडमच्या मुलांना क्लासला सोडून तो आठला परतला. तिकडे तेव्हा बारा वाजलेले. वार्सिनी मागच्या पायरीवर बसली होती, मोबाइल दोन्ही हातांत धरून. गावाकडून व्हिडिओ कॉल चालू होता. तिने त्याला स्क्रीन दाखवली. रस्ता नव्हताच. कमरेएवढं पाणी होतं. पलीकडे भाड्याची गाडी उभी होती, आणि शेजाऱ्याची होडी दोन दिवसांपूर्वीच मासेमारीला निघून गेली होती. भाऊ आणि आणखी दोघं आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन पाण्यातून चालले होते.

"लेकिन आज तो अष्टमी..." तुकाराम म्हणाला.

"भाई बोलता है, उधर पानी दिन में एक बार आता है. एक ही बार. पूनम-वूनम उधर हर महीना नहीं चलता. दिसंबर में चला, अभी नहीं." ती स्क्रीनवरून नजर न काढता बोलत होती. "वो उस दिन भी बोला था. मैं नहीं सुना. मैं बोला, अंकल को मालूम है."

गाडी पन्नास पावलांवर होती तेव्हा खुर्ची खाली-वर झाली. मग ती माणसं थांबली. बराच वेळ पाण्यात तशीच उभी राहिली, आणि मग खुर्ची घेऊन परत घराकडे वळली. वार्सिनीने फोन बंद केला. आपण खून केला असं तुकारामाला वाटलं, आणि तसं म्हणायलाही त्याच्याजवळ हिंदी नव्हती.

मुनीरा मॅडम वाईट बाई नव्हती. तिने वार्सिनीला जवळ घेतलं, सुट्टी ईदनंतर देते म्हणाली, आज खोलीत पडून राहा म्हणाली. पण इफ्तारला वीस माणसं यायची होती, आणि खोलीत पडून करायचं काय, म्हणून वार्सिनी कणीक मळायला उभी राहिली. तुकाराम तिला तोंड दाखवायला नको म्हणून गाडीत जाऊन बसला. नुसता बसला. एसीही लावला नाही.

थोड्या वेळाने काचेवर टकटक झाली. वार्सिनीच होती, हाताला पीठ. तो घाईने खाली उतरला. आता ती आपल्याला बोलेल, आणि बोललीच पाहिजे, असं त्याला वाटलं.

"अंकल," ती म्हणाली, "कब्रिस्तान में पानी है. अम्मी को आज ही दफनाना है. पानी कब उतरेगा?"

तिच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

"मेरे को नहीं मालूम," तो म्हणाला. एकवीस वर्षांत हे वाक्य त्याने समुद्राबद्दल प्रथमच उच्चारलं. मग पहिल्याच दिवशी विचारायचं ते त्याने आता विचारलं. "तेरा भाई क्या बोलता है?"

"पूछा उसको," वार्सिनी म्हणाली. "वो बोलता है, तेरे अंकल को पूछ."