हूड न काढलेली जीप

तळोद्याहून डोंगराकडे जाणारा रस्ता जिथे गाव सोडतो, तिथे कडुनिंबाच्या सावलीत भाईदासचं दुकान होतं. जीपगाड्यांची हुडं शिवायचं दुकान. लोखंडी कमानींवर जाड कॅनव्हास ताणून बसवायचा, कडांना पट्टे लावायचे, मागे पारदर्शक प्लास्टिकची खिडकी शिवायची, की झालं गाडीचं छत. एक काळ असा होता की सातपुड्याच्या घाटात चढणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गाडीच्या डोक्यावर भाईदासचा टाका होता. हे मी अभिमानाने सांगतो, कारण तो आमच्या गल्लीतला माणूस.

कुठलं छत कुणाला शोभतं, यावर भाईदासची ठाम मतं होती. चहाचा कप हातात आला की तो सुरू व्हायचा. डोंगरातल्या गाडीला कापडी हूडच पाहिजे. बाजू गुंडाळल्या की वारा येतो, शेळ्या चढतात, आजारी माणसाला सीटवर आडवं करता येतं. पत्र्याचा टप त्याला पाहिजे, ज्याला आत माणसं आणि वर पोती न्यायची. पण चैत्रात तो टप भाकरीच्या तव्यासारखा तापतो. बंद कार नोकरदाराला बरी, त्याला घरून निघून ऑफिसात उतरायचं असतं, मधला रस्ता बघायचा नसतो. आणि उघडी गाडी? ती नवरदेवाला आणि पुढाऱ्याला.

"दोघांनाही वाटतं, लोकांनी आपल्याकडे बघावं," तो म्हणायचा. "आणि दोघांचंही तेवढ्यापुरतंच असतं."

तो स्वतः नवरदेव झाला तेव्हाही जीप उघडीच होती. आमच्याकडे रीतच तशी. नवरी आणायची तर हूड काढायचं, वाटेतल्या गावांनी तिला बघितलं पाहिजे. आणि प्रेत न्यायचं तरीही हूड काढायचं, वाटेतल्या गावांना शेवटचं दर्शन झालं पाहिजे. भर वैशाखात खांडबाऱ्याहून छबूबाईला त्याने अशी उघड्या जीपमधून आणली. तळोद्यात उतरली तेव्हा तिचं नाक आणि गाल लाल झाले होते. पुढे आठवडाभर नव्या नवरीच्या तोंडाची सालं निघत होती.

ते ऊन तिने जन्मभर विसरू दिलं नाही. "सारी दुन्याले सावली शिवतस, आनि माले उनमा आनं!" दुकानात गिऱ्हाईक असो नसो, ती ऐकवायची.

"हूड काढेल व्हतं, मी काय करू?" भाईदास मान खाली घालून मशीन चालवायचा.

"आते निदान लई जाताना तरी सावलीमा लई जा."

"तू मन्हा आगोदर जाशी तवय ना!"

मग दोघंही हसायची. मागच्या खिडक्या छबूबाईच शिवायची. प्लास्टिकवर टाका घालणं अवघड, सुई जरा चुकली की भोक पडतं आणि तिथूनच फाटत जातं. तिची खिडकी कधी फाटली नाही. खिडकीच्या चारी बाजूंनी ती एक लाल दोरा फिरवायची. कशाला, असं विचारलं तर म्हणायची, "साडीले काठ ऱ्हास ना? तसंच."

हळूहळू गाड्या बदलल्या. कारखान्यातूनच पत्र्याचं छत घेऊन येऊ लागल्या. भाईदास सीट कव्हरं शिवू लागला, ट्रॅक्टरच्या छत्र्या शिवू लागला. मुलगा भूपेश सुरतेला नोकरीला लागला आणि एका दिवाळीला नवी गाडी घेऊन आला. बटण दाबलं की डोक्यावरचा पत्रा सरकायचा आणि काचेतून आभाळ दिसायचं. छबूबाई मागे बसली, वर बघितलं, आणि डोळ्यांवर पदर ओढला.

"तुन्हा बापनी जनमभर छतना भोके बुजात," ती म्हणाली, "आनि तू भोक पाडेल गाडी लयना!"

भूपेश हसून हसून लाल झाला. भाईदासने मात्र त्या काचेच्या कडेचं रबर बोटाने दाबून बघितलं आणि काम चांगलं आहे म्हणाला. कुणाला शोभेल ते काही बोलला नाही.

त्याच हिवाळ्यात छबूबाईच्या पोटात गाठ निघाली. सुरतेला नेलं, परत आणलं. ती खाटेवरून उठेनाशी झाली.

आता तिच्या हातची खिडकी एकाच गाडीला उरली होती. वीरसिंग पावराची जीप. वरच्या पाड्यातून तळोद्याच्या बाजाराला माणसं आणणारा हा चांगला, हसरा माणूस. होळीनंतर तो दुकानासमोर येऊन थांबला.

"दादा, हूड उतरवून द्या. पत्र्याचा टप बसवतो. वर सामान ठेवता येत नाही, बायामाणसं दुसऱ्या गाडीत जातात."

भाईदास जीपच्या मागे गेला. लाल दोरा उन्हाने गुलाबी पडला होता, पण टाका एकही सुटला नव्हता. त्याने खिडकीवरची धूळ अंगठ्याने पुसली.

"थोडं थांबशील का?"

"किती?"

भाईदासने घराकडे पाहिलं. वीरसिंगला छबूबाईच्या आजाराचं माहीत होतं. बाजारामागून बाजार गेले, त्याची माणसं दुसऱ्या गाड्यांत बसत राहिली, आणि त्याने हूड ठेवलं.

वैशाखातच ती गेली. सकाळी. अंत्यविधी प्रकाशा गावी, तापीकाठी करायचा ठरला. वीरसिंग निरोप मिळताच जीप घेऊन आला, रिवाजाप्रमाणे खाली उतरला आणि हुडाचे पट्टे सोडू लागला.

भाईदासने त्याचा हात धरला. "राहू दे."

तिरडी बांधणारे थांबले. भाईदासचा थोरला चुलतभाऊ धुडकू पुढे आला. "येडा व्हयना का भाऊ? प्रेतवर हूड? वाटवरला लोके दर्शन कसं लेतीन?"

"तिनी खिडकी शिवेल शे," भाईदास म्हणाला. "तठून लेतीन."

"रीत नही ती."

"एकदाव रीत करी. उनमा आनं तिले." धुडकूने भूपेशकडे पाहिलं, भूपेशने मान हलवली. मग धुडकूनेच पहिला बांबू उचलला.

तिरडी आत सरकवली तेव्हा कळलं, ती लांब आहे. डोकं, छाती, गुडघे सावलीत गेले. पावलं मागच्या खिडकीच्या पडद्याखालून बाहेर, उन्हात राहिली. भाईदासने जन्मभर गाड्यांची मापं घेतली होती, पण तिरडी आत ठेवायची हे कुणी मापात धरतं का? तिरडीसाठी हूड काढायचंच असतं.

तो दुकानात गेला आणि कॅनव्हासचा एक तुकडा घेऊन आला. गाडीच्या मागच्या उघड्या फळीवर, तिच्या पावलांशेजारी, मागे तोंड करून बसला आणि दोन्ही हातांनी तो तुकडा तिच्या पावलांवर धरला.

"बापू, मी धरतो," भूपेश म्हणाला.

"नको."

वाटेतल्या गावांत लोक रस्त्याकडेला आले. आधी नुसतेच चमकले, मग भाईदासच्या बाजूने वाकून लाल दोऱ्याच्या खिडकीतून आत पाहिलं आणि हात जोडले. वीरसिंगने गाडी बैलगाडीसारखी हाकली. ऊन भाईदासच्या तोंडावर येत होतं, कापडाची सावली पावलांवरून सरकायची आणि तो ती पुन्हा ओढून आणायचा.

तापीच्या काठी गाडी थांबली. तिरडी उतरवायला माणसं पुढे झाली. भाईदास हात खाली घेईना. शेवटी वीरसिंगने त्याची बोटं एकेक करून कापडावरून सोडवली. भाईदासच्या गालांची कातडी लाल झाली होती.