रुलीनची सर्व्हिस

रुलीन बोल्हाउस एकेकाळी टेनिसमध्ये जगात एकशे अठराव्या नंबरावर होती. जेमतेम पाच आठवडे, पण होती. गावात विचारून बघा, कुणी तोंडातून अक्षर काढायचं नाही. हॉलंडच्या उत्तरेला, ग्रोनिंगनच्या त्या टोकाला, समुद्राच्या बांधाखाली, कुणाचं मोठेपण तोंडावर बोलून दाखवणं हा उद्धटपणाच समजतात. साधं राहावं, माणूस तसाही पुरेसा वेडा असतो, असं मानणारी ही माणसं. आणि कुणाचं अपयश बोलायचं तर त्याहून नको.

म्हणून अपयशाचंही कुणी बोललं नाही, आणि तिथेच घात झाला.

आठव्या वर्षी पोरीच्या हातात रॅकेट आली, पंधराव्या वर्षी घर सुटलं. पुढची तेरा वर्षं सगळा संसार एका बॅगेत. आज हंगेरी, रविवारी मोरोक्को, हॉटेलच्या बेसिनमध्ये मोजे धुवा आणि हीटरवर वाळत घाला. झगमगाट म्हणे! झगमगाट असतो तो वरच्या वीस-तीस जणींना. बाकीच्या आपल्या खांदे शेकत स्टेशनवर बसलेल्या असतात. तरी रुलीनला ते आयुष्य आवडायचं, अगदी जिवापाड आवडायचं.

मग पोर्तुगालमधल्या एका सामन्यात तिने सर्व्हिसचा चेंडू उडवायला डावा हात वर नेला आणि मूठ उघडलीच नाही. चेंडू हातातच. पुन्हा नेला, पुन्हा तेच. पंच बघतोय, समोरची पोरगी बघतेय, आणि हिची बोटं जणू दुसऱ्याच कुणाची. डॉक्टर झाले, मनाचे डॉक्टर झाले, एका बाईने तर डोळे मिटून समुद्र आठवायला सांगितला. समुद्राकाठीच वाढलेली ती, तिला काय नवल! शेवटी अठ्ठाविसाव्या वर्षी ती घरी परतली आणि बियाण्याचे बटाटे तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली. सहा वर्षं झाली. घरात टेनिसचा 'ट' निघाला नाही. आई विचारायला घाबरायची, आणि आईने विचारलं तर काय, म्हणून ही घाबरायची.

त्या मे महिन्यात आईचं मनगट मुरगळलं. गावच्या टेनिस क्लबात प्रत्येक सभासदाला बारवर पाळी करावीच लागते, तिथे राणीलाही माफी नाही. आईची पाळी मंगळवारची.

"मी जाते तुझ्याऐवजी," रुलीन म्हणाली. "पण फक्त कॉफी ओतणार हं, आई."

"बरं बाई, फक्त कॉफी," आई म्हणाली, आणि पट्टी बांधलेला हात घेऊन सोबत आलीच.

मंगळवारी क्लबात चिठ्ठ्यांचा खेळ असतो. सगळ्यांची नावाची कार्डं एका डब्यात टाकायची, जशी निघतील तशा जोड्या, अर्धा तास खेळायचं, घंटा वाजली की संपलं. डबा ग्रीतमावशीच्या हातात. बहात्तर वर्षांची बाई, निम्म्या गावाची सुईण, रुलीनलाही तिनेच जगात आणलेलं.

"पंधराच जण!" ग्रीतमावशी ओरडली. "माझ्याच जोडीला कुणी नाही. बारमागची ती मोकळी आहे ना? ये गं इकडे."

"मावशी, मी खेळत नाही आता."

"मग इथे कोण खेळतंय? आम्ही चेंडूमागे धावतो नुसतं. आईचे बूट घाल आणि ये."

आता नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार, सगळ्यांदेखत. रुलीनने बूट घातले. तिच्या डोक्यात एकच गोष्ट: चार जणांत सर्व्हिस आपल्यावर येणार.

समोर पोस्टमन वुब्बो आणि शाळेतली दीनेकेबाई. दोन गेम झाले आणि पाळी आलीच. रुलीन रेषेवर उभी राहिली, हात वर गेला, मूठ घट्ट. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. तिला वाटलं, इथून सरळ सायकलवर बसावं आणि निघून जावं.

"काय झालं?" ग्रीतमावशीने जाळीजवळून विचारलं.

"हात उघडत नाही."

"एवढंच ना? मग खालून मार की! मी चाळीस वर्षं खालूनच मारतेय, अजून कुणी पोलिसात दिलं नाही."

रुलीनने खालून मारला. हळूच गेला, पडला आत. खेळ पुढे सरकला. ती धावली, चुकली, घसरून गुडघ्यापर्यंत लाल मातीने माखली. मजा येत होती, हे तिला स्वतःलाच कबूल करवेना.

पाच-पाच अशी बरोबरी. शेवटच्या गेमला पुन्हा तिचीच सर्व्हिस. चाळीस-चाळीस. इथे त्यावर एकाच चेंडूत निकाल लागतो, आणि घंटेजवळ माणूस जाऊन उभा राहिलेला.

"ए, जगातली एकशे अठरावी!" वुब्बो ओरडला. "आमच्या आजीसारखी खालून काय मारतेस?"

दीनेकेबाईने त्याला रॅकेटने ढोसलं. सहा वर्षांत हा आकडा कुणी उच्चारला नव्हता, आणि हा मेला भर मैदानात!

रुलीनला राग आला. असा सणसणीत, स्वच्छ राग की तिला बरंच वाटलं.

"थांब, दाखवते तुला आजी!"

हात वर गेला आणि चेंडू सुटला. रॅकेट फिरली, आणि मागच्या कुंपणाची तार दणाणली. चेंडू रेषेच्या हातभर बाहेर! तिने श्वासही न घेता दुसरा उडवला. तो जाळीत.

घंटा वाजली.

"हरलो!" ग्रीतमावशी कडाडली. "दोन्ही फुकट! खालून मारत होतीस ते काय वाईट होतं? नसती हौस!"

"सुटला, मावशी!" रुलीन दोन्ही हात डोक्यावर धरून हसत होती, रडत होती. "दोन्ही वेळा सुटला!"

"बाहेर पडला तो, सुटला काय? अगं, हरलो आपण!"

व्हरांड्यात आई खुर्चीतून उठली होती. एक हात पट्टीत, टाळी वाजवायची सोय नाही. ती चांगल्या हाताने टेबलच बडवत होती, कपातली कॉफी सांडेपर्यंत.