सासूबाईंनी मोजलेले पेंग्विन

माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या आहेत आणि त्यांनी पेंग्विन मोजले आहेत. हे वाक्य मी सौंसरमध्ये इतक्या लोकांना ऐकवलंय, की शाळेतल्या बाया आता मला पाहिलं की विषय बदलतात. बदलू द्या. मी विज्ञान शिकवते. खरं ते सांगायची मला सवय आहे.

मोहगावकडच्या आमच्या संत्र्याच्या बगिच्यात सासूबाईंनी चाळीस वर्षं तोड सांभाळली. माणसं फळं उतरवायची आणि झाडाखाली लागलेल्या ढिगांतली फळं या मोजायच्या. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्या आमच्याकडे राहायला आल्या, आणि मोजायला दुसरं काही नाही म्हणून मलाच मोजू लागल्या. सुनेचा चहा किती वेळा झाला, फोन किती वेळ चालला. माझे मिस्टर पांढुर्ण्याहून संध्याकाळी परत येईपर्यंत घरात आम्ही दोघीच, त्यामुळे त्यांच्या मोजणीतून सुटका नव्हती.

त्या पावसाळ्यात मी एका परदेशी प्रकल्पाचं काम अंगावर घेतलं होतं. अंटार्क्टिकात पेंग्विन जिथे घरटी करतात तिथे कॅमेरे लावून ठेवलेत. ते वर्षभर आपोआप फोटो काढतात, आणि जगभरातली हौशी माणसं घरबसल्या त्यांतले पक्षी मोजून आकडा भरतात. एकच फोटो पुष्कळ जणांकडे जातो. मला वह्या तपासण्यातून सवड होईना. एका दुपारी मी टॅबलेट सरळ सासूबाईंच्या हातात दिला.

"हे काय वं? बदकं?"

"पेंग्विन. बर्फातले पक्षी आहेत. तुम्ही मोजून सांगा, मी आकडा भरते."

त्यांनी चष्मा पुसला, ओठ हलवत पाहिलं आणि म्हणाल्या, "सव्वीस." मी वहीतून मान वर न काढता सव्वीस भरले. त्या दिवसापासून माझा चहा कोणी मोजला नाही.

तिथल्या उन्हाळ्याचे फोटो संपून हिवाळ्याचे सुरू झाले. पक्षी विरळ होत गेले. मी त्यांना समजावून सांगितलं, की पूर्वी हिवाळ्यात समुद्र किनाऱ्यापासून पार दूरपर्यंत गोठायचा, म्हणून हे पक्षी मोकळं पाणी शोधत लांब जायचे. आता बर्फ उशिरा धरतो, लवकर फुटतो, आणि काही पक्षी ऐन हिवाळ्यातही घरट्यांच्या जागी येऊन जातात. नेमके कधी येतात आणि किती, तेच शोधायचं आहे. मला वाटलं होतं, अर्धा तास लागेल समजवायला. पण आंबिया बहाराची फुलं धरावीत म्हणून थंडीत झाडाचं पाणी तोडून त्याला ताण द्यायचा, आणि हल्ली ऐन ताणात पाऊस येऊन सगळं बिघडवतो, हे ज्या बाईने पाहिलंय तिला काय समजवायचं?

"थंडीनं थंडीचं काम नाही केलं, तं झाडालेही समजत नाही आता काय कराव," त्या म्हणाल्या आणि पुढचा फोटो मागितला.

मग कित्येक आठवडे नुसता बर्फ, धुकं आणि दुपारचा करडा उजेड. "मोजाले काही नाही," त्या सांगायच्या. मी शून्य भरायची.

दिवाळीच्या तोंडावर प्रकल्पातल्या एका बाईंचा निरोप आला. नम्र होता, म्हणून जास्तच झोंबला. तुमचे आकडे इतरांपेक्षा सतत कमी येतात, हिवाळ्यातले तर वापरण्याजोगे नाहीत, तुमचं सगळं काम बाजूला ठेवावं लागेल असं दिसतं. माझा पारा चढला. चाळीस वर्षं ढीग मोजणारी बाई मोजण्यात चुकेल? कडक उत्तर लिहायचं ठरवून मी पुरावा म्हणून हिवाळ्यातला एक फोटो उघडला. बर्फावर एक पेंग्विन उभा होता. एकटा, ठळक, आंधळ्यालाही दिसेल असा. आमचा आकडा होता शून्य.

"आई, यात किती आहेत?"

"मोजाले काही नाही."

"मग हा कोण उभा आहे?"

"तो तं दिसूनच राहिला ना. पहिला हाये तो." माझं अज्ञान पाहून त्यांना कीव आली. "ढिगातलं पहिलं फळ वावराचं असते. ते बाजूले ठेवाचं, मोजाचं नाही. मोजनी त्याच्या पुढून."

आमच्या बगिच्यातली रीतच आहे ती. मला माहीत होती. लग्न होऊन आले त्या वर्षी ढिगाजवळ बाजूला ठेवलेलं संत्रं मी सोलून खाल्लं, म्हणून भरपूर बोलणी खाल्ली होती. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. म्हणजे ते सव्वीस सत्तावीस होते. आणि प्रत्येक शून्य म्हणजे खरंच शून्य की एक, देव जाणे. आता तक्रार करायची कोणाकडे? आपलेच दात, आपलेच ओठ.

मी ओरडले. "आई, ही काय संत्री आहेत? त्या थंडीत एखादाच येतो, त्या एकासाठीच तर कॅमेरा लावला त्यांनी!" विज्ञानाच्या बाईने इतक्या आठवड्यांत एकदाही मान वर करून फोटो पाहिला नाही, हे ओरडताना मी सोयीने विसरले.

सासूबाईंनी टॅबलेट जवळ ओढून तो फोटो पुन्हा पाहिला.

"म्हंजे तो एवढ्या थंडीत आला, अन् आपण तो आलाच नाही म्हणून लिहून देल्लं?"

"हो."

"मंग पुन्हा पाहू. सारे."

मी चूक कबूल करून मुदत मागितली. पंधरा दिवस मिळाले. भरलेल्या आकड्यांत एकेक वाढवणं सोपं होतं, पण शून्याचा प्रत्येक फोटो नव्याने उघडायचा होता. त्या दिवाळीत आमच्याकडे चकल्या दुकानातून आल्या. घरात कोणी आजारी आहे का म्हणून शेजारीण चौकशीला आली, तर सासूबाईंनी मान न वळवता सांगितलं, "नाही वं, पेंग्विन मोजून राहिलो." या वेळी मी वह्या कपाटात टाकून त्यांच्या शेजारी बसले होते.

मुदत संपायला दोन दिवस होते तेव्हा वादळाचा एक फोटो आला. सगळं पांढरं आणि थोडं काळं. मला काहीही दिसेना.

"एक," सासूबाई म्हणाल्या आणि बोट ठेवलं.

"तो दगड आहे, आई."

"याच्या आधीच्या फोटूत होता का तो दगड?"

मी मागे जाऊन पाहिलं. नव्हता. पण वाऱ्याने बर्फ उडतो, खालचा दगड उघडा पडतो, हे मी त्यांना सांगितलं. मला भीती वाटत होती. "आता एक जरी चुकलं ना, तर सगळंच टाकून देतील ते. राहू द्या हा."

"एकदा चुकली, म्हणून आता दिसून राहिलं तेही सांगू नोको का? लिही."

मी एक लिहिला. पटलं म्हणून नाही, सणासुदीला सासूशी भांडण नको म्हणून.

उत्तर यायला महिना लागला. रोज शाळेतून आले की दारातच, "आलं का वं?" एके दिवशी आलं. त्या फोटोत आकडा जुळेना म्हणून प्रकल्पातल्या बाईंनी मूळ मोठा फोटो काढून पाहिला होता. पेंग्विनच होता, वाऱ्याकडे पाठ करून पोटावर पडलेला, अंगावर बर्फ साचलेला. आमचं सगळं काम त्यांनी ठेवून घेतलं होतं. मी ते मराठीत करून वाचून दाखवलं. एवढा अभिमान मला माझ्या पदवीच्या दिवशीही वाटला नव्हता.

सासूबाईंनी पत्र पुन्हा वाचायला लावलं.

"तो फोटू बाकीच्या लोकायनंही पाहिला असन?"

"पुष्कळ जणांनी."

"अन् त्यायनं काय लिहिलं?"

"सगळ्यांनी शून्य. फक्त तुम्हाला दिसला."

मला वाटलं, आता या आठवडाभर मिरवणार. मी तर मिरवायला तयारच होते.

"मंग त्या बाईले लिही," त्या म्हणाल्या, "त्या लोकायचं काम बाजूले टाकू नोका म्हणा. त्यायलेही एकदा परत पाहू द्या."