खडूचे गोल

आमच्या शेजारची शिवणकाम करणारी बाई भाड्याच्या खोलीत एकटी राहते. तिच्याकडे ढेकूण झाले, तेव्हा पलीकडच्या खोलीतल्या घरमालकिणीने तिच्यावर तोंड सोडलं.

"तुझ्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून आलेत मेले! महिनाअखेर खोली रिकामी कर."

खोली गेली तर गिऱ्हाइकंही जाणार होती. पण बाई भांडली नाही. तिने कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि ढेकूण दिसेल तिथे गोल काढू लागली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांची शिवण न् शिवण तिने चाचपली. तिथे एकही गोल काढावा लागला नाही. आठवड्याभरात गोलांची रांग पलंगावरून भिंतीवर चढली आणि दोन खोल्यांमधल्या बंद दाराच्या चौकटीशी पोचली.

"माझी भिंत रंगवलीस, सटवे?" मालकीण आत येऊन कडाडली.

"माप घेतलंय, मावशी. अर्धंच झालंय. उरलेलं तुमच्या बाजूला आहे. उघडा ते दार."

दार उघडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी औषध मारणारा आला, तो आधी मालकिणीच्या खोलीत शिरला. खोली सोडण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. दोघी अजून एकमेकींशी बोलत नाहीत, आणि बाईने ते गोलही पुसलेले नाहीत.