ठोकळेबाईंचे अठ्ठावीस दिवस

हुद्दा: कनिष्ठ नमुना-परीक्षण सहायक, दर्जा तीन. सेवा: एकोणीस वर्षे. कर्तव्ये: सिमेंट व वाळूचे ठोकळे पाडणे, ते पाण्यात ठेवणे, ठरल्या दिवशी मोडणे व आलेला आकडा वरिष्ठांस कळवणे. निर्णयाचे अधिकार: निरंक. कंपनीच्या विस्तारातील सहभाग: लागू नाही.

कंपनीच्या दप्तरात हे सगळं ज्यांच्याविषयी लिहिलं आहे, त्यांना कंपनीत हुद्द्यानं कुणीच हाक मारत नाही. मालकांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांच्या त्या ठोकळेबाई. त्या कामाला लागल्या तेव्हा कंपनी म्हणजे एक भट्टी, एक ट्रक आणि जिन्याखाली लॅब. जिन्यावरून कुणी धाडधाड उतरलं की तराजूचा काटा थरथरायचा. पुढं दुसरी भट्टी आली, ट्रक मोजता येईनासे झाले, लॅब जिन्याखालून निघून खिडकीच्या खोलीत गेली. यंदा तिसरी भट्टी उभी राहिली. ती इतकी लांब की या टोकाच्या माणसाला त्या टोकाच्या माणसाशी बोलायला फोन लागतो. ठोकळे मोडायचं मशीन मात्र पहिल्या भट्टीच्या काळातलंच राहिलं. विस्तार खिडकीपर्यंत येऊन दमला होता.

तिसऱ्या भट्टीचं पहिलं सिमेंट बाहेर पडलं आणि नदीवर मोठा पूल बांधणाऱ्यांनी कळवलं: अठ्ठाविसाव्या दिवशी तीन ठोकळ्यांची सरासरी ताकद त्रेपन्न भरली तर सगळं सिमेंट तुमच्याकडून, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो. काम मिळालं तर भट्टी तिन्ही पाळ्या चालणार होती आणि तिच्यावरचे साठ हंगामी कामगार कायम होणार होते, क्वार्टरसकट.

त्या साठांत ठोकळेबाईंचे धाकटे दीर होते. चार दिवसांसाठी म्हणून ते बायकोसह पुढच्या खोलीत उतरले, त्याला दोन वर्षं झाली. ठोकळेबाई, नवरा, दोन मुली आणि सासूबाई मागच्या खोलीत झोपत, म्हणजे कपाट आणि सासूबाईंचं घोरणं यांच्यामधे जी जागा उरे तीत. घरात भांडण नव्हतं. भांडायला जागा लागते.

"भावोजी कायम होणार हे नक्की," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कंपनीत नाहीतर आपल्या पुढच्या खोलीत."

ठोकळे पाण्यात गेले. तिसऱ्या दिवशी पहिला अंदाज घेतात. सत्तावीस पुरले असते, एकतीस आले. अख्ख्या कारखान्यानं मान ताठ केली. जाऊबाई क्वार्टरच्या खिडक्यांची मापं घेऊन आल्या. सातव्या दिवशी सदतीस लागतात; सदतीस पूर्णांक दोन आले. जाऊबाईंनी मापांचा कागद घडी करून पर्समधे ठेवला.

मग उरले शेवटचे तीन ठोकळे आणि एकवीस दिवस. मॅनेजरसाहेब रोज येऊन टाकीत डोकावत. पाण्यातल्या ठोकळ्याकडे बघून काहीही कळत नाही, हे पक्कं ठाऊक असलेला माणूस किती वेळ बघू शकतो, हे लॅबला त्या महिन्यात समजलं.

घरीही दुसरा विषय नव्हता.

"मशीन तुझ्याच हातात आहे ना गं?" सासूबाई म्हणाल्या. "मग कर की त्रेपन्न."

"मशीन माझ्या हातात आहे आई, ठोकळा नाही."

दीरांनी ताट पुढं सरकवलं. "वहिनी, तुम्हीच मागं म्हणाला होतात, ठोकळा कोरडा असला की आकडा जास्त येतो. आदल्या दिवशी काढून उन्हात ठेवले तर?"

"भावोजी, पुलाचे पाय कुठं असणार?"

"पाण्यात."

"मग ठोकळेपण पाण्यातच राहू देत."

सत्ताविसाव्या दिवशी साहेबांनी दार लोटून घेतलं. "बाई, दाब जरा भरभर दिला तर आकडा चढतो म्हणतात."

"चढतो साहेब. खाली सही तुम्ही करणार?"

तेवढ्यात साहेबांना फोन आला. फोन वाजला नव्हता.

अठ्ठाविसाव्या दिवशी अकराच्या आतच खिडकीबाहेर पोती भरणारे, ट्रकवाले, हिशेबनीस, सगळे एकमेकांच्या खांद्यांवर चढले. दीर सगळ्यांत मागं, भिंतीकडे तोंड करून. पहिला ठोकळा टाकीतून निघाला, पुसला गेला, मशीनमधे बसला. एका ठोकळ्याला दीड मिनिट. काटा चढला, चढला, टक्!

"एक्कावन्न पूर्णांक आठ."

"गेलं," हिशेबनीस म्हणाला. एकानं त्याची टोपी डोळ्यांवर ओढली.

दुसरा. "चोपन्न पूर्णांक तीन."

बाहेर आरोळी! साहेब कागदावर बेरीज करू लागले, चुकले, पुन्हा करू लागले. बाईंनी मान न वळवता सांगितलं, "तिसऱ्याला बावन्न पूर्णांक नऊ हवेत."

तिसरा बसला. चाळीस. पंचेचाळीस. पन्नास. एक्कावन्न. दाब देणाऱ्या चाकावरचा हात जरा जोरात फिरवला असता तर कुणाला कळलंही नसतं, आणि मागच्या खोलीतली पाच माणसं दोन खोल्यांत पसरली असती. हात ज्या चालीनं एकोणीस वर्षं फिरत होता त्याच चालीनं फिरला. बावन्न. काटा पुढं सरकला, आणखी सरकला, आणि मग टक्!

"त्रेपन्न पूर्णांक सहा. सरासरी त्रेपन्न पूर्णांक दोन," बाई म्हणाल्या आणि फडक्यानं मशीन पुसायला लागल्या.

साहेबांनी हिशेबनिसाला मिठी मारली. कुणीतरी आनंदानं भोंगा वाजवला. तो जेवणाचा समजून दुसऱ्या भट्टीची माणसं डबे घेऊन बाहेर आली आणि काय झालंय ते न विचारताच नाचायला लागली. दीर धावत खिडकीशी आले. "वहिनी!" एवढंच त्यांना बोलता आलं.

"आधी सामान बांधा," वहिनी म्हणाल्या.

कंपनीच्या वार्षिक अहवालात या यशाला दोन पानं दिली आहेत. संचालक मंडळाच्या दूरदृष्टीमुळे व धाडसी निर्णयांमुळे उत्पादन दुप्पट झाल्याचं तिथं म्हटलं आहे.

पुढच्या महिन्यात दीर-जाऊ क्वार्टरमधे राहायला गेले. त्या रविवारी दुपारी ठोकळेबाई पुढच्या खोलीत साडेतीन तास झोपल्या.